खूण आणि भाकीत : अन्ननलिकेच्या कर्करोगातील प्रथिनांचा इतिहास



ज्या शाळेने मला अक्षरओळख करून दिली तिच्याच स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला इतिहास शिकवीत. सनावळी पाठ करून घेण्याची त्यांना हौस नव्हती. एखादी घटना सांगून झाली, की ते विचारीत, "हे कोणाला कळले, आणि कशावरून?" पुढे माझे सारे आयुष्य विकृतिशास्त्रात, म्हणजे रोगग्रस्त ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेले. तेथेही हाच प्रश्न उपयोगी पडला. आज तोच प्रश्न मी माझ्या विषयाला विचारणार आहे.

विषय आहे अन्ननलिकेचा कर्करोग आणि त्याची चाल ओळखण्यासाठी शोधली गेलेली प्रथिने. इंग्रजीत ज्यांना 'ट्यूमर मार्कर' म्हणतात त्यांना मी 'खूण-प्रथिने' म्हणेन. गाठीतील एखादे प्रथिन पाहून ती गाठ पुढे कशी वागेल हे सांगता येईल काय, या एका प्रश्नापाठीमागे गेल्या अर्धशतकात शेकडो संशोधकांनी आपली उमेद खर्च केली. त्या प्रयत्नांची कहाणी वैद्यकापुरती मर्यादित नाही. खूण कशाला म्हणावे आणि भाकीत कशाला, हा विवेक माणसाला किती सावकाश येतो, याची ती कहाणी आहे.

प्रथम त्या अवयवाविषयी थोडेसे. अन्ननलिका म्हणजे सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती लवचीक असल्यामुळे आतली वाट बरीच अरुंद होईपर्यंत घास अडकत नाही. आतड्यांभोवती असते तसे बाहेरचे पातळ आवरण तिला बहुतेक भागात नसते, आणि तिच्या अस्तराखालीच लसिकावाहिन्यांचे उभे जाळे पसरलेले असते. त्यामुळे गाठ लहान असतानाच तिच्या पेशी दूरच्या लसिकाग्रंथींत पोचू शकतात. रुग्ण "भाकरी उतरत नाही" म्हणून दवाखान्यात येतो तेव्हा रोगाने पुष्कळदा बरीच मजल मारलेली असते. 'ही गाठ किती पसरली आहे?' हा प्रश्न या रोगात इतर अनेक रोगांहून जिव्हाळ्याचा ठरतो तो यामुळेच.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हा एक रोग नव्हे. अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा तो स्क्वॅमस प्रकार. आपल्या देशात, चीनमध्ये आणि इराणच्या उत्तर भागात मुख्यत्वे हाच आढळतो. ग्रंथिपेशींचा तो अॅडेनो प्रकार. तो बहुधा नलिकेच्या खालच्या टोकाशी, आम्लाच्या सततच्या माऱ्याने बदललेल्या अस्तरात उद्भवतो. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली अशा अस्तराची चर्चा केली आणि पुढे त्याला त्यांचेच नाव पडले. पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर हा दुसरा प्रकार झपाट्याने वाढला. एका अवयवाच्या नावाखाली दोन वेगळे रोग नांदत आहेत, हे विसरल्यामुळे पुढे किती घोटाळा झाला ते ओघाने येईलच.

आता इतिहासाकडे वळू. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रान्झ टोरेक यांनी छाती उघडून अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. नळीची दोन टोके जोडणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून मानेजवळच्या छिद्रापासून पोटावरच्या छिद्रापर्यंत शरीराबाहेरून एक रबरी नळी बसवली गेली. ती वृद्ध बाई त्या नळीतून अन्न घेत पुढे सुमारे बारा-तेरा वर्षे जगली. त्यानंतर कित्येक वर्षे इतर शल्यविशारदांच्या हाती असे यश क्वचितच आले. एक रुग्ण बारा वर्षे जगते आणि दुसरा बारा दिवसांत जातो, तर हा फरक गाठीतला की हातातला? हा प्रश्न तेव्हाच जन्माला आला.

गाठीच्या रूपावरून तिचा स्वभाव ओळखण्याचा पहिला पद्धतशीर यत्न अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० साली केला. त्यांचा विषय होता ओठाचा कर्करोग. पेशी मूळ पेशींशी जितक्या मिळत्याजुळत्या तितकी गाठ सौम्य, आणि जितक्या विस्कटलेल्या तितकी उग्र, या तत्त्वावर त्यांनी गाठींच्या चार श्रेणी केल्या. ही कल्पना लवकरच इतर अवयवांना लागू झाली. तिच्यात तथ्य होते आणि आजही आहे. पण श्रेणी ठरते पाहणाऱ्याच्या नजरेने, आणि दोन अनुभवी नजरा एकाच काचपट्टीवर नेहमी एकमत होतात असे नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा निःपक्षपाती असा साक्षीदार हवा होता.

तसा साक्षीदार असू शकतो याची पहिली चाहूल अन्ननलिकेपासून फार दूर लागली होती. १८४५ साली लंडनमध्ये हाडांच्या विकाराने ग्रासलेल्या एका रुग्णाचे मूत्र हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीस आले. त्यात त्यांना एक विलक्षण प्रथिन आढळले. आज आपण त्या रोगाला मायलोमा म्हणतो, आणि ते प्रथिन अजूनही बेन्स जोन्स यांच्याच नावाने ओळखले जाते. कर्करोगाची खूण म्हणून ओळखले गेलेले हे पहिले प्रथिन. त्यानंतर १९६३ साली सोव्हिएत रशियात गॅरी अॅबेलेव्ह यांना यकृताच्या गाठीशी संबंधित प्रथिन सापडले, आणि १९६५ साली मॉन्ट्रिअलमध्ये गोल्ड व फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील सीईए हे प्रथिन दाखवून दिले. १९७७ साली जपानमध्ये काटो व तोरिगोए यांनी गर्भाशयमुखाच्या स्क्वॅमस कर्करोगातून एक प्रतिजन वेगळा केला. तोच पुढे 'एससीसी प्रतिजन' या नावाने अन्ननलिकेच्या रुग्णांच्या रक्तातही मोजला जाऊ लागला.

रक्तातील खूण ही दारातून येणाऱ्या वासासारखी असते. घरात काहीतरी शिजते आहे एवढे ती सांगते, कोणत्या चुलीवर ते सांगत नाही. गाठीच्या पेशीतच प्रथिन पाहायचे तर दुसरे साधन हवे होते. त्याचा पाया १९४१ साली हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी घातला. एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला त्यांनी चमकणारे रसायन जोडले. १९६० च्या दशकात चमकीऐवजी रंग उमटवणारी विकरे आली, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने प्रथिन दिसू लागले. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती शोधली. त्याबद्दल १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता कोणत्याही शहरातील प्रयोगशाळेला बाटली विकत घेऊन गाठीतले प्रथिन पाहता येऊ लागले. या सोयीने आमच्या शास्त्राला नवी दृष्टी दिली, आणि थोडा मोहही घातला.

या मोहाचा सर्वांत मोठा विषय होता 'पी-५३'. हे प्रथिन १९७९ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांना सापडले. प्रथम दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे मानले गेले. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की ते मुळात रखवालदार आहे. पेशीच्या जनुकद्रव्याला इजा झाली, की ते विभाजन थांबवते, आणि इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर पेशीला मृत्यूच्या मार्गाला लावते. पाठोपाठ १९९० साली मोनिका हॉलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्ननलिकेच्या कर्करोगात या रखवालदाराच्या जनुकात वारंवार बिघाड आढळतो, असे दाखवून दिले.

येथे एक गमतीचा भाग आहे. निरोगी पेशीत पी-५३ चटकन नष्ट होते, म्हणून रंगवून पाहिले तरी ते जवळजवळ दिसत नाही. बिघडलेले पी-५३ मात्र पेशीत साचून राहते आणि काचपट्टीवर ठसठशीत तपकिरी दिसते. म्हणजे रखवालदार डोळ्यांत भरला, की समजावे तो कामातून गेला! पण काही बिघाड असे असतात की प्रथिन तयारच होत नाही. अशा गाठीची काचपट्टी कोरी दिसते आणि रखवालदार मात्र नाहीसा झालेला असतो. कोऱ्या काचपट्टीचे हे दोन अर्थ वेगळे करण्याची शिस्त अंगवळणी पडायला बराच काळ लागला.

पी-५३ च्या जोडीला इतर प्रथिने आली. १९८३ साली जर्मनीतील कील येथे सापडलेले 'की-६७' विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशी दाखवी. जपानच्या मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून पुढे आलेली कॅढेरिन प्रथिने पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतात. त्यांपैकी ई-कॅढेरिन कमी झाले की पेशी सुटून लसिकाग्रंथींकडे निघण्याची शक्यता वाढते. सायक्लिन डी-१ पेशीला विभाजनाचा उंबरठा ओलांडायला लावते. आणि 'ईजीएफआर' हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक वाढीचा निरोप आत पोचवतो. ज्या वाढ-घटकाचा तो ग्राहक आहे त्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ले कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत मिळाले. स्क्वॅमस गाठींत हा ग्राहक पुष्कळदा अतोनात वाढलेला आढळे.

१९९० च्या दशकात या प्रत्येक प्रथिनावर निबंधांचा पाऊस पडला. एका गावच्या अभ्यासात पी-५३ असलेले रुग्ण लवकर दगावले, तर दुसऱ्या गावच्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. असे का व्हावे? कारणे साधी होती. कोणी एक प्रतिपिंड वापरी, कोणी दुसरे. कोणी शंभरात पाच पेशी रंगल्या तरी 'पॉझिटिव्ह' म्हणे, तर कोणी पन्नास रंगल्याशिवाय म्हणत नसे. तुकडा फॉर्मॅलीनमध्ये किती वेळ राहिला यावरही रंग अवलंबून असे. स्क्वॅमस आणि अॅडेनो एकाच तक्त्यात मिसळले जात. रुग्ण चाळीस-पन्नासच असत. आणि ज्या अभ्यासात काही फरक दिसे तो छापून येई, ज्यात दिसत नसे तो कपाटात राही. अखेर २००५ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 'रिमार्क' नावाची नियमावली प्रसिद्ध केली. कोणते रुग्ण निवडले, कोणते प्रतिपिंड वापरले, सीमारेषा कोणती आणि ती कशी ठरवली, हे खूण-प्रथिनांवरील निबंधांत सांगितलेच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. "हे कशावरून कळले?" हाच तो आमच्या वर्गातला प्रश्न!

या काळात माझ्यासमोर येऊन बसणारी माणसे निबंध वाचणारी नसत. इंदुराहून रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाऊन, तपासण्या करून परतलेले माळव्यातले नातेवाईक असत. अहवालाची घडी उलगडून एखादा मुलगा विचारी, "डॉक्टरसाहेब, हे पी-५३ पॉझिटिव्ह आहे म्हणतात. मग आता बाबांचे किती दिवस?" त्याला मी सांगत असे, की एका माणसाच्या दिवसांचा हिशेब या काचपट्टीवर लिहिलेला नसतो.

हे सांत्वनासाठी म्हटलेले वाक्य नव्हते. ते गणित आहे. कल्पनेने एक उदाहरण घेऊ. समजा, एक खूण असलेल्या शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी वीस हयात आहेत, आणि खूण नसलेल्या शंभरांपैकी तीस. हा फरक संशोधकाला महत्त्वाचा वाटेल आणि तो तसा आहेही. पण समोरचा रुग्ण त्या वीसांतला की ऐंशींतला, हे ती खूण सांगत नाही. खूण असूनही वीस जण वाचले आणि खूण नसूनही सत्तर गेले. समूहाचे सत्य व्यक्तीच्या कपाळी लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आता या इतिहासातील मला सर्वांत बोधप्रद वाटणारा टप्पा. ईजीएफआर वाढलेली गाठ उग्र, असे अनेक अभ्यास सांगत होते. मग त्या ग्राहकालाच अडवणारे औषध दिले तर? तर्क बिनतोड दिसत होता. ब्रिटनमध्ये सुमारे साडेचारशे रुग्णांवर गेफिटिनिब या औषधाची तुलना निरुपद्रवी गोळीशी केली गेली. २०१४ साली निष्कर्ष आला : एकूण आयुर्मानात फरक नाही. त्याआधी २०१३ साली, ५५३ रुग्णांच्या दुसऱ्या एका ब्रिटिश चाचणीत, नेहमीच्या औषधांना पॅनिटुमुमॅब या प्रतिपिंडाची जोड दिली गेली. तेथे जोड मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ११.३ महिन्यांवरून ८.८ महिन्यांवर आले. त्या गटात नेहमीच्या औषधांच्या मात्रा कमी ठेवल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही धडा स्पष्ट होता. जी खूण रोगाची उग्रता दाखवते ती उपायाची वाट दाखवेलच असे नाही. पुढे गेफिटिनिबच्याच रुग्णांचे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा ईजीएफआरच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या थोड्या रुग्णांना औषधाचा लाभ झालेला दिसला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सुचवले, की प्रश्न बरोबर असला तरी तो सरसकट सर्वांना विचारला गेला होता.

याच्या उलट 'हर-२' ची कथा. हे प्रथिन स्तनाच्या कर्करोगामुळे प्रसिद्धीस आले. जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावरील अॅडेनो गाठींतही ते काही रुग्णांत वाढलेले असते. स्क्वॅमस प्रकारात क्वचितच. हर-२ असलेला रुग्ण लवकर जातो की उशिरा, याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नव्हती. भाकीत करणारी खूण म्हणून ते कच्चेच होते. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत सुमारे ३,८०० रुग्णांच्या गाठी तपासून हर-२ वाढलेले ५९४ रुग्ण निवडले गेले. त्यांतले बहुतेक जठराच्या आणि काही सांध्याच्या कर्करोगाचे होते. नेहमीच्या औषधांबरोबर ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान १३.८ महिने भरले, न घेतलेल्यांचे ११.१ महिने. वाढ पावणेतीन महिन्यांची, म्हणजे बेताचीच. पण ती खरी होती, आणि कोणाला औषध द्यावे हे एका प्रथिनाने सांगितले होते.

भविष्य ठासून सांगणाऱ्या खुणा हाताला काही देऊ शकल्या नाहीत, आणि भविष्याबद्दल संदिग्ध असलेल्या एका खुणेने वैद्याच्या हाती औषध ठेवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार हेच आहे. खुणेची किंमत ती काय भाकीत करते यावर नसून, ती पाहिल्यावर आपण रुग्णासाठी काय वेगळे करू शकतो, यावर ठरते.

स्क्वॅमस प्रकाराच्या वाट्याला अशी खूण यायला आणखी दहा वर्षे लागली. क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ हे प्रथिन सापडले. रोगप्रतिकारक पेशींना आवरणारा तो लगाम. अनेक गाठी पीडी-एल१ नावाचे प्रथिन पृष्ठभागावर आणून हा लगाम खेचतात आणि आपला बचाव करतात. होन्जो यांना २०१८ साली जेम्स अॅलिसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पीडी-एल१ चे प्रमाण जास्त असलेल्या स्क्वॅमस रुग्णांत हा लगाम सैल करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ८.८ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेले. मात्र ही खूणही निर्दोष नाही. दुसऱ्या एका चाचणीत पीडी-एल१ नसलेल्या रुग्णांनाही अशा औषधाचा लाभ झाला होता. खूण वाट दाखवते. दार बंद करण्यासाठी तिचा वापर जपूनच करायला हवा.

येथे दोन गोष्टी नम्रपणे नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी : २०१२ साली नेदरलँड्समधील चाचणीने दाखवले, की शस्त्रक्रियेपूर्वी औषधे आणि किरणोपचार एकत्र दिल्यास मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९.४ महिन्यांवर जाते. या रोगातील हे एक फार मोठे पाऊल, आणि ते कोणत्याही खूण-प्रथिनाच्या मदतीवाचून उचलले गेले. दुसरी गोष्ट : २०१७ साली अन्ननलिकेच्या १६४ गाठींचे समग्र जनुकीय परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात स्क्वॅमस गाठी शेजारच्या अॅडेनो गाठींपेक्षा घसा व तोंडाच्या गाठींशी अधिक मिळत्या निघाल्या. पत्ता एक, कुळे दोन. ज्यांनी दोहोंना एका तक्त्यात बसवले होते त्यांच्या निष्कर्षांत ताळमेळ का नव्हता, याचा हा उलगडा.

घसा आणि तोंड म्हटले, की मला मुंबईची आठवण होते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. आपल्या देशातील विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासमवेत त्यांनी १९५५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध त्यात तपासला होता. त्यांच्यापाशी प्रतिपिंडांच्या बाटल्या नव्हत्या. त्यांनी रुग्णांना सवयी विचारल्या, रोग नसलेल्यांनाही विचारल्या, आणि दोहोंची तुलना केली. तुलनेवाचून खूण नाही, ही शिस्त आपल्याच माणसांनी 'रिमार्क'च्या पन्नास वर्षे आधी आचरून दाखवली होती. आणि त्या खुणेने हाताला कामही दिले : बिडी विझवा, तंबाखूची चंची टाका.

प्रथिनांनाही आता रोगाआधीचे काम मिळू लागले आहे. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाने दोऱ्याला बांधलेली, गिळता येणारी एक गोळी विकसित केली. पोटात ती उमलून स्पंज होते आणि ओढून काढताना अन्ननलिकेच्या अस्तरातील पेशी खरवडून आणते. त्या पेशींत 'टीएफएफ-३' हे प्रथिन दिसले, की बॅरेटचा बदल असल्याची शंका घेऊन पुढची तपासणी करता येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीचा लाभ देऊ केलेल्या गटात १४० जणांत हा बदल सापडला. नेहमीच्या पद्धतीच्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात तो १३ जणांत सापडला होता. आणि ज्याने आमच्या पिढीला चकवले तो जुना पी-५३ देखील आज बॅरेटच्या अस्तरातील संशयास्पद बदल निश्चित करताना विकृतितज्ज्ञाला साहाय्य करतो. भविष्यवेत्त्याची झूल उतरवल्यावर तो चांगला कारकून निघाला.

श्रोतेहो, आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही डॉक्टर आहेत, आणि बाकीच्यांपैकी अनेकांना कधी ना कधी कोणाचा तरी अहवाल हाती घेऊन डॉक्टरांसमोर बसावे लागेल. डॉक्टरांना माझी विनंती अशी, की अहवालातील प्रथिनाचे नाव उच्चारण्यापूर्वी त्यावरून रुग्णासाठी आपण काय करणार आहोत ते मनाशी ठरवून ठेवा. आणि इतरांना सांगतो, तेथे 'किती दिवस?' हा प्रश्न मनात येईलच, तो येऊ द्या; पण त्याच्या जोडीला 'यावरून आता काय करता येईल?' हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणापाशी नाही. दुसऱ्याचे उत्तर दर दशकात थोडे थोडे वाढत आले आहे, असे इतिहास सांगतो. आणि हो, घास अडकू लागला तर पातळ खाऊन दिवस काढू नका. त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या. कोणत्याही प्रथिनापेक्षा ही खूण जुनी आहे, आणि ती ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.